चादरीचं दुसरं टोक

मालनताईंचं नाव आधी घेते. त्या आमच्या गावच्या आरोग्यसेविका, ज्यांना ‘आशाताई’ म्हणतात. इथे गोव्यात, हॉटेलच्या धुलाईखान्यात, आज जोडीदारीण आली नाही आणि मोठी चादर मला एकटीला घडी करता येईना. एक टोक धरावं तर दुसरं जमिनीला लागे. तेव्हापासून जीव थाऱ्यावर नाही. अंथरुणाला खिळलेल्या अण्णांखालची चादर आई तिकडे एकटीच कशी बदलत असेल?

सरकारी अनुदानातून अशा घरी मदतनीस येते म्हणे. माझी शाळा सातवीत सुटली, तरी गेल्या सुट्टीत अर्ज मीच भरला. ‘घरी सांभाळणारं कोणी आहे का?’ याच्यापुढे ‘आहे’ लिहिलं. बापाला कोणी नाही, असं लेकीनं कसं लिहायचं?

मालनताईंनी अर्ज बघून झापलं, “अगं बये, ‘आहे’ लिहिलंस तर मदतनीस कोण देईल? अब्रू सांभाळतेस की बापाला? आईची कंबर बघ जरा!” मग त्यांनीच अर्ज नव्याने भरला, तालुक्याला नेऊन दिला. मंजुरी अजून नाही. फोन वाजला की हात थांबतात.

मालनताई, तुम्हीही एकट्याच. तुम्ही थकाल तेव्हा त्या रकान्यात बिनधास्त ‘आहे’ लिहा. चादरीचं दुसरं टोक मी धरीन.