ट्रक ऐकणाऱ्या बाई

भट्टी लावण्याआधी बाई दारात उभ्या राहून ट्रक ऐकायच्या. वळ गावातल्या एका गोदामात, मागच्या खोलीत, आमची धातूंची प्रयोगशाळा होती. बाहेर कंटेनर वळला की जमीन थरथरायची आणि वितळलेलं अॅल्युमिनियम बिघडायचं. मग रस्ता शांत होईपर्यंत आम्ही हातावर हात ठेवून बसायचो.

बाई पडघ्याच्या, प्रयोगशाळेच्या प्रमुख. दमल्या की गावची बोली तोंडात यायची, आणि मी त्यांना बघितलं ते दमलेलंच. जमिनीवर वितळलेल्या धातूत जड ते खाली बसतं, गरम ते वर येतं, त्यामुळे गोठताना धातूच्या आत तयार होणारे दाणे कुठे बारीक, कुठे ढोबळ होतात. अवकाशात वजनच जाणवत नाही, तिथे ते एकसारखे यावेत. कसे येतात ते कळलं तर इथेही मजबूत ओतकाम जमेल, हा बाईंचा ध्यास. तो दाणा एकदा स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा, एवढंच त्यांचं मागणं होतं. त्यासाठी धातूचा नमुना डब्यात घालून अवकाशस्थानकावर पाठवायचा होता. बाईंच्या घरचे चिडवायचे, तुझा डबा वर कधी जातोय म्हणून.

बऱ्याच वर्षांनी डबा गेला आणि परत आला. दाणे ओबडधोबड. चौकशी केली तर कळलं, धातू गोठत असताना शेजारच्या कक्षात एक अंतराळवीर व्यायामाच्या पट्ट्यावर धावत होता. त्या वेळी व्यायाम नको, एवढं कळवायचं आमच्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. जन्मभर ट्रक ऐकणारे आम्ही, वर शांतताच असणार असं धरून चाललो होतो.

बाई खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "म्हंजे तिथंबी ट्रक हायच."

दुसरी संधी मिळेपर्यंत बाई निवृत्त झाल्या होत्या आणि नजरेच्या मधोमध काळा डाग पडला होता. समोरच्याचा चेहरासुद्धा दिसेना. यामुळे मला नशिबाचा फार राग येई, त्यांना मात्र रागवायचाही कंटाळा आलेला.

नवा नमुना आला तो मीच कापला, घासला, सूक्ष्मदर्शकाखाली बघितला आणि तशीच पडघ्याला गेले. बाईंना सगळं सविस्तर सांगू लागले. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"पाल्हाळ नको. एकसारखे हायत का?"

हो म्हणावंसं फार वाटलं. म्हातारं माणूस, एवढी वर्षं वाट बघितलेलं.

"आहेत. फक्त एका कडेला थोडे मोठे आहेत, बाई."

त्यांनी मान हलवली. "मग तू खरंच बघितलंस," म्हणाल्या, आणि माझा हात धरून डोळे मिटून बसल्या. मला शेवटची एसटी गाठायची होती, पण हात सोडवून घेववेना.