अर्ध्या तासाचं बाकडं

पोटात गोष्टी साठतात हो आम्हा काउन्सेलर लोकांच्या! घरी सांगायची सोय नाही. नवरा विचारतो, "आज काय विशेष?" मी म्हणते, "काही नाही, पाव आणायचे राहिले." गोव्यात, डिचोलीच्या सरकारी दवाखान्यात, एचआयव्ही टेस्टच्या खोलीत बारा वर्षं झाली. इथे मी नावं सांगणार नाही, आणि खरी नावं मला तरी कुठे माहीत असतात!

कोल्हापूरकडचा एक गवंडी, मोरजीला कामाला. नाव खोटं दिलं. रक्त दिलं, अर्धा तास बाकड्यावर बसला. मी त्याच नावाने चार हाका मारल्या, तर हा शेजारच्याला म्हणतो, "अहो, तुम्हाला बोलावतायत!" पॉझिटिव्ह रिपोर्ट माझ्या हातात होता, म्हणून हसता आलं नाही.

ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून पेडण्याचे लोक डिचोलीला येतात, डिचोलीचे पेडण्याला जातात. तरी एकदा सख्खे मेहुणे एकाच बाकड्यावर! "दात दुखतोय," एक म्हणाला. "माझाही," दुसरा. आमच्याकडे दाताचा डॉक्टरच नाही! दोघेही निगेटिव्ह निघाले, पण एका बसने काही परत गेले नाहीत.

एक ट्रकवाला. बायको पॉझिटिव्ह, हा निगेटिव्ह. सांगितलं तर ढसाढसा रडायला लागला.

"अहो, चांगली बातमी आहे ही!"

"मॅडम, म्हणजे आता गोळ्या तिला एकटीलाच?"

बायको बाहेर बाकड्यावर होती, तिला आत बोलावलं. दोघांना चहा पाजला.

आणि पेडण्याकडच्या चोपड्याची ती म्हातारी. सत्तरीच्या पुढची, एकटीच आलेली. मी विचारलं, "आजी, तुम्हाला टेस्ट कशाला?"

"माझ्या झिलाक ह्यो रोग असा. गोळ्यो घेता, बरो असा. पण वर्स झाला, भायर खळ्यात बसान जेवता. ताट वेगळा, कोप वेगळो. माका लागात म्हणान हात लावूक दिना नाय."

पोटचा मुलगा अंगणात जेवतो! म्हटलं, "आजी, ताटातून नाही हो लागत!"

"माका खबर असा. त्याकाच पटना नाय. म्हणान तो उठलो काय त्याच्या ताटातला उरलेला मी खातंय. चोरून. वर्सभर. आता बघ माझा रगत."

गरज नव्हती, तरी टेस्ट केली. निगेटिव्ह. रिपोर्ट हातात दिला. वाचता येत नव्हतं तिला. उलटसुलट बघितला आणि परत माझ्यापुढे ठेवला.

"शिक्को मार गे बाय, मोठो. माझा तो आयकना नाय. सरकाराचा तरी आयकात."