मंगळवार, दहा वाजता कॉफी

आर्डिस होल्विकचा विश्वास कागदावर. नॉर्थ डकोटातल्या आमच्या गावच्या शाळेत ती मुख्याध्यापकांची सेक्रेटरी होती. दर शुक्रवारी पुढच्या आठवड्याचं कॅलेंडर मेलच्या प्रोग्राममधून छापून त्यांच्या टेबलावर ठेवल्याशिवाय ती कधी घरी गेली नाही. मुख्याध्यापक बदलले, कॉम्प्युटर बदलले, बाई बदलली नाही. हल्ली फोनमध्येच सगळं दिसतं की, असं कुणी म्हटलं तर म्हणायची, "दिसतं हो. आणि बॅटरी संपली की?" आता अशा बाईशी कोण वाद घालणार!

निवृत्तीनंतर तरी हे छापणं थांबेल असं वाटलं होतं. पण नवऱ्याची, एल्डनची, स्मरणशक्ती हळूहळू दगा द्यायला लागली. मग तिने घरच्या जुन्या कॉम्प्युटरवर त्याचं कॅलेंडर मांडलं. रोज सकाळी त्या दिवसाचं पान छापायचं, डावीकडे तास, उजवीकडे काम. आठला गोळ्या, नऊला दाढी, बाराला जेवण. फोन नंबर मोठ्या अक्षरांत छापून फ्रिजवर लावलेले. ओरेगनमधल्या लेकीचे, कारिनचे, मेलसुद्धा छापून त्याच्या खुर्चीशी ठेवलेले. तोंडी काही सांगितलं की एल्डन हटून बसायचा, पण कागदावर असेल ते बोट ठेवून वाचायचा आणि मुकाट्याने करायचा.

मंगळवारी दहासमोर लिहिलेलं असे, मर्विनबरोबर कॉफी. मर्विन त्याचा लहानपणापासूनचा दोस्त. कोपऱ्यावरच्या डोरीनच्या कॅफेत एल्डन एकटा चालत जायचा, अकराला एकटा परत यायचा. त्याचं स्वतःचं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं.

मार्चमध्ये मर्विन गेला. दफनानंतर चर्चच्या तळघरात जेवण झालं, एल्डन तिथे ढसाढसा रडला. पण दर मंगळवारी आपोआप उमटणारी ती ओळ काढायचं आर्डिसच्या ध्यानातच आलं नाही. पुढच्या मंगळवारी तो कॅफेत जाऊन बसला. मर्विन का येत नाही, म्हणून विचारत राहिला. शेवटी डोरीनला सांगावंच लागलं, आणि तो पहिल्यांदाच ऐकल्यासारखा पुन्हा रडला. आर्डिस स्वतःच्या वेंधळेपणावर इतकी चिडली की त्या दिवशी तिला घास गिळवेना.

ती ओळ काढायला बसली तेव्हा कॉम्प्युटरने विचारलं, फक्त ही एक भेट काढायची, की सगळी मालिका? तिचा हात अडला. तिने पुढच्या मंगळवारची तेवढी एकच काढली. त्या मंगळवारी दहासमोरची कोरी जागा बघून एल्डन कोट चढवून दाराशी बसला, तो जेवायची वेळ टळली तरी उठेना. कुठे जायचंय ते त्याला सांगता येईना, आणि तिला ते बघवेना.

कारिन फोनवर म्हणाली, "आई, सगळीच काढून टाक. बाबांना कळणारही नाही."

"त्याला नाही कळणार," आर्डिस म्हणाली. "मला कळेल ना."

फोन ठेवल्यावर तिला एक सुचलं. पुढच्या मंगळवारपुरतं तिने नाव तेवढं बदललं. मर्विनच्या जागी स्वतःचं घातलं. छापताना बाई चक्क लाजली, कारण लग्नाआधी ती दोघं त्याच कॅफेत भेटायची. मंगळवारी पान टेबलावर ठेवून, चर्चमध्ये काम आहे असं सांगून ती आधीच निघाली आणि खिडकीशी जाऊन बसली. दहाला एल्डन आला. धुतलेला शर्ट, दाढी करताना गाल कापलेला. डोरीनने टेबल दाखवलं, तसा तो टोपी काढून अदबीने समोर बसला.

"तुम्ही आर्डिस ना?" कागद बघून तो म्हणाला. "माझ्या बायकोचंही हेच नाव."

आर्डिसने उचललेला कप तसाच खाली ठेवला. घरात, आपल्या स्वयंपाकघरात, तो तिला अजून ओळखत होता.

"हो का?" ती कशीबशी म्हणाली. "कशी आहे ती?"

"जरा हुकूम सोडते." एल्डन हसला. "पण रोज सकाळी माझा दिवस छापून ठेवते. ती नसती तर माझं काय झालं असतं, कोण जाणे."

मग तो पावसापाण्यावर बोलला, गव्हावर बोलला, मर्विनच्या लबाड्या सांगितल्या, आपल्या कॅरॅमल रोलचा अर्धा भाग तिच्याकडे सरकवला. इतकं बोलताना तिने त्याला कित्येक महिन्यांत ऐकलं नव्हतं. अकराला तो उठला.

"निघतो. घरी ती वाट बघत असेल. पुढच्या मंगळवारी याल का?"

"येईन," ती म्हणाली.

तो रस्त्याला लागला तशी ती गाडी घेऊन मागच्या गल्लीतून घरी पोचली. कोट काढला, ॲप्रन बांधला, दार उघडलं.

"आलास?"

"एका बाईबरोबर कॉफी घेतली," एल्डन म्हणाला. त्याचा चेहरा खुलला होता. "चांगली आहे. पुढच्या मंगळवारचं छापशील?"

आर्डिस कॉम्प्युटरपाशी बसली. नाव बदलल्यावर कॉम्प्युटरने पुन्हा तेच विचारलं, फक्त ही एक भेट, की सगळी मालिका? सगळी, असं तिने सांगितलं, डोळे पुसले आणि प्रिंटरमध्ये कागद भरला.