दारातून गेलेली वायर

वर्तकनगरच्या आमच्या दोन खोल्यांच्या घरात इंटरनेटची वायर बाहेरच्या खोलीच्या खिडकीतून येते. माझा जुना कॉम्प्युटर तिथेच होता. लेकीचं घरून काम सुरू झालं तेव्हा तिने आपला आतल्या खोलीत मांडला. वायफाय मधल्या भिंतीपलीकडे धड पोचेना, म्हणून मी राउटरपासून तिच्या टेबलापर्यंत वायर ओढली, ती दारातून. त्यामुळे दार चार बोटं उघडंच राहायचं.

"बाबा, भिंतीला भोक पाड ना," ती म्हणायची. मी कधी म्हणायचो, सोसायटीत दुपारी ड्रिल चालत नाही. कधी म्हणायचो, शेजाऱ्यांचं ड्रिल बिघडलंय. सगळ्या थापा. बायको गेल्यापासून घर मुकं झालं होतं, आणि त्या फटीतून लेकीचा कामाचा आवाज यायचा, ठाम, साहेबी, घरात कधी न ऐकलेला. मी टीव्ही बंद करून पेपर पुढ्यात धरून बसायचो. ती काय बोलते ते ओ की ठो कळायचं नाही, पण बरं वाटायचं.

एक दिवस ती म्हणाली, "शुक्रवारी बंगळूरच्या कंपनीचा इंटरव्ह्यू आहे. दार बंद लागेल रे."

आता टाळण्यात अर्थ नव्हता. गुरुवारी सकाळी भोक पाडलं, तर ते बारीक निघालं. वायरच्या टोकाची पिन जाईना. मग टोक कापलं, वायर ओवली, केबलवाल्याकडून नवी पिन आणि ती दाबायची पक्कड आणली. आत आठ बारीक तारा. लेक शेजारी मांडी घालून मोबाईलमध्ये बघून रंग सांगायला लागली. "पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा..." मी मुद्दाम दोनदा चुकलो.

"अरे बाबा, चष्मा पूस."

चष्मा खरंच पुसावा लागला. तिसऱ्यांदा मात्र जमलं.

शुक्रवारी तिने दार लावून घेतलं. बाहेर एक अक्षर ऐकू आलं नाही.

तिला बंगळूरला जाऊन आता दुसरं वर्ष लागलंय. रोज फोन करते, जेवलास का विचारते, गोळ्या घेतल्यास का विचारते, आणि ठेवते. मला तिची फार आठवण येते. बायको जन्मभर म्हणायची, तुमचं एक काम म्हणून धड होत नाही. हे वायरचं एक मात्र धड झालं.