हिरव्या ठिपक्याची राखण

अंकिता कोळपेचा दिवस पहाटे पावणेपाचला सुरू व्हायचा. देवपूजा किंवा व्यायाम असलं काही कारण त्यामागं नव्हतं. कवठे येमाईच्या बाहेर कोळपे वस्तीवर त्या वेळेला नेट धावायचं. सहाला वस्तीवरची माणसं उठत, मोबाइल हातात घेत, आणि नेट बसकण मारी. तेवढ्या सव्वा तासात ती दिवसभराची यादी लॅपटॉपवर उतरवून घ्यायची. मग झाडलोट, पाणी, शेरडांची धार, भाकरी. नऊला काम.

काम पत्त्यांचं. पुण्यातली एक कंपनी घरोघर पार्सलं पोचवायची. शिरूर आणि दौंड तालुक्यांतले पत्ते वाचायचे आणि नकाशावर त्या घराच्या डोक्यावर खूण ठेवायची, एवढंच तिच्याकडं होतं. खूण चुकली की पार्सलवाला चार किलोमीटर फुकट फिरतो. दिवसाला एकशे वीस पत्ते व्हायला हवेत.

ऐकायला सोपं आहे. करून बघावं. पुण्यात घराला नंबर असतो. इकडं पत्ता असा येतो: ‘पाटस, कारखाना रोड, वडापासून तिसरं घर.’ नकाशात वड नाही. मग अंकिता फोन लावायची.

“मामा, कुरियरमधून बोलतेय. तुमचा वड नेमका कुठं आहे?”

“वड? त्यो पडला की. दोन वर्सं झाली.”

“मग पत्त्यात वड कशाला लिहिलाय?”

“आता पडला म्हून काय झालं? कुठं पडला ते समद्यांना म्हाईत हाय.”

अशा एकशे वीस घरांपर्यंत ती खुर्चीत बसून रोज पोचायची.

कामाला तिची हत्यारं होती आणि त्यांचा ती नीट वापर करायची. फोनमध्ये एक घड्याळ होतं. पंचवीस मिनिटांनी ते वाजायचं, मग पाच मिनिटं पाठ सरळ करायची. दुसरी होती वस्त्यांची यादी. ही तिनं स्वतः बनवली. वडील तात्याबा तीस वर्षं मेंढरं घेऊन या दोन तालुक्यांतून चालले होते. मेंढरं विकून बारा वर्षं झाली, पण कुठली वस्ती कुठल्या ओढ्याला लागून आहे, तिला जुनं नाव काय, नवं काय, हे त्यांच्या डोक्यात जसंच्या तसं होतं. रोज चहाला ते तीन-चार वस्त्या सांगत आणि बोललेलं ऐकून फोन आपला आपण लिहून घेई. फोनचं शुद्धलेखन बरं होतं. तात्याबांचं काय ऐकू आलं याबद्दल त्याचा गोंधळ व्हायचा, तेवढं अंकिता दुरुस्त करायची. पाच महिन्यांत साडेचारशे वस्त्या झाल्या. याच कामावरच्या बाकीच्या पोरींना एका पत्त्याला सहा मिनिटं लागत, तिला तीन.

अडचण यंत्रांची नव्हती. घरच्यांची होती. पोरगी घरात बसलेली दिसते म्हणजे रिकामी आहे, हा सगळ्यांचा हिशेब. आई सखूबाई म्हणायची, “बसलीयस तर एवढा लसूण सोल.” शेजारच्या अनसाबाई मोबाइल घेऊन दारात उभ्या. “आगं, बसलीच हायस तर माझं रिचार्ज मार की. पगार मिळतोय न्हवं बसायचा?”

अंकितानं भांडण केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं डबा भरला, ओढणी घेतली, चपला घातल्या, आणि नऊला पाच कमी असताना “आई, येते” म्हणून पुढच्या दारातून बाहेर पडली. घराला वळसा घालून मागच्या दारानं मागल्या खोलीत गेली आणि कामाला बसली. संध्याकाळी सहाला तशीच परत आली. आठ दिवस वस्ती हसली. नवव्या दिवशी अनसाबाई आल्या तेव्हा तात्याबा अंगणातून म्हणाले, “पोरगी कामावर गेलीया. सांजच्याला ये.” पोरगी दहा फुटांवर होती. अनसाबाई सांजच्याला आल्या.

कंपनीनं लॅपटॉपवर एक टूल घातलं होतं. पडद्याच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका. पाच मिनिटं हाताची हालचाल नसली की तो पिवळा व्हायचा आणि त्याची नोंद पुण्याला जायची. नेट नसेल तर टूल नोंद साठवून ठेवायचं आणि नेट आल्यावर पाठवायचं. अंकिता सहा महिन्यांच्या परीक्षेवर होती. सहावा महिना चालू होता. पास झाली तर कायम. नापास झाली तर परत रांजणगावला पॅकिंगच्या लाइनीवर. वस्तीवरून शिरूरला एसटी, शिरूरहून कंपनीची बस, तिथं नऊ तास उभं, आणि तोच प्रवास उलटा. ते तिनं दोन वर्षं केलं होतं. गुडघे अजून बोलत होते. म्हणून एकदा जेवताना तिनं घरात सांगून ठेवलं, “तो ठिपका फार वेळ पिवळा राहिला ना, की त्यांना वाटतं मी काम करत नाही.”

तात्याबांनी ते ऐकलं.

एका बुधवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी वीज गेली. थोड्या वेळात टॉवरही थकला आणि घरातली रेंज संपली. दुपारच्या जेवणापर्यंतचे अठ्ठेचाळीस पत्ते राहिले होते. लॅपटॉपची बॅटरी भरलेली होती, पण नेटशिवाय तिचा उपयोग नव्हता, आणि कंपनीचा लॅपटॉप घराबाहेर न्यायचा नाही असा नियम होता. अंकितानं अठ्ठेचाळीस पत्ते वहीत उतरवले, फोन घेतला आणि दहा चाळीसला माळावरच्या पाण्याच्या टाकीकडं निघाली. तिथं शिरूरच्या बाजूची रेंज येते. टाकीच्या सावलीत बसून तिनं एकतीस फोन केले, फोनमधल्या नकाशावर जागा शोधल्या आणि प्रत्येक खूण वहीत लिहिली. अठ्ठेचाळीस झाल्यावरच उठली. घरी पोचली तेव्हा एक वाजून वीस मिनिटं झाली होती.

मागल्या खोलीत तिच्या खुर्चीवर तात्याबा बसले होते. डोळे ठिपक्यावर. उजव्या हातात माऊस.

“घे,” ते म्हणाले. “एकदाबी पिवळा हुंदिला न्हाई.”

“आबा, कधीपासून बसलाय?”

“तू गेलीस तवापासनं.”

“जेवाया बोलावलं तर येईनात,” सखूबाई चुलीपासून म्हणाली. “म्हंत्यात, ह्यो पिवळा हुईल.”

मेंढरामागं चालताना तात्याबा लोकर कातायचे. डाव्या हातात लोकर, उजव्या हातात चाती, म्हणजे सूत कातायची फिरकी. मनगट ढिलं, हात एका लयीत, नजर कळपावर. दिवसाला आठ-दहा कोस चालून होई आणि घोंगडीपुरतं सूतही होई. माऊसला त्यांनी तोच हात लावला होता. दोन तास चाळीस मिनिटं एका मापाचे गोल.

अंकिताला हसू आलं. वीज आणि नेट परत आलं होतं. तिनं वहीतले पत्ते भराभर नकाशावर चढवायला घेतले. इथं तिची चूक झाली. झाला प्रकार पुण्याला त्याच वेळी कळवायला हवा होता. काम संपवून कळवू म्हणाली आणि विसरली.

शुक्रवारी सकाळी सार्थक सरांचा व्हिडिओ कॉल आला. सार्थक तिच्या गटाचा प्रमुख, वयानं तिच्याहून दोन-तीन वर्षांनीच मोठा.

“अंकिता, बुधवारी दोन तास चाळीस मिनिटं माऊस फिरतोय आणि एकही पत्ता लागलेला नाही. माऊस हलवायची यंत्रं मिळतात बाजारात, मला माहीत आहे. सापडला त्याला काढतात, तेही तुला माहीत आहे.”

“सर, माझ्याकडे यंत्र नाही. तो माऊस माझ्या वडिलांनी फिरवला.”

“या वर्षात सात जणांनी मला मांजर सांगितलं. दोघांनी लहान मूल. वडील पहिल्यांदाच.”

“मांजर आहे सर आमच्याकडे. पण तिनं नाही केलं.”

“ही रेघ बघ. सगळे गोल सारखे. माणसाचा हात थकतो, थांबतो, डोकं खाजवायला जातो. हा माणसाचा हात नाही.”

“बोलावू का त्यांना?”

तात्याबा टोपी घालून आले आणि कॅमेऱ्याकडं इतके वाकले की पुण्यात नुसती टोपी दिसली. “रामराम साहेब,” म्हणून त्यांनी सगळी हकिगत सांगितली. ठिपका, टाकी, पोरीची नोकरी, काही सोडलं नाही. त्यांच्या तोंडात पुढचा एकही दात नव्हता. सार्थकला ‘साहेब’ एवढंच कळलं.

“सर, ते म्हणतात की...”

“ते काय म्हणतात हे तूच सांगणार. मग ते मी त्यांचं कसं मानू?”

हे त्याचं बरोबर होतं. अंकितानं विचार केला आणि म्हणाली, “मग बोलणं राहू दे. त्यांना फिरवायला सांगते. तुम्ही रेघ बघा.”

“पंधरा मिनिटं,” सार्थक म्हणाला.

तात्याबांनी हात धुतले, पुसले आणि बसले. मनगट ढिलं सोडलं. नवव्या मिनिटाला अनसाबाई विरजण मागायला मागच्या दारात आल्या. तात्याबांनी मान वळवली नाही.

“अनसा, कामावर हाय.”

“तुम्हीबी?” अनसाबाई म्हणाल्या आणि विरजण न घेता गेल्या.

पंधरा मिनिटं झाली. पुण्याच्या पडद्यावर बुधवारचीच रेघ उमटली होती. सार्थकनं दोन्ही रेघा शेजारी ठेवून पाहिल्या, मग परत पाहिल्या.

“पुरे, आबा.”

तात्याबा फिरवतच राहिले. पोरीनं अजून सांगितलं नव्हतं.

“आबा, साहेब पुरे म्हणतायत.”

“त्यांना म्हण, आजून तासभर चालंल.”

सार्थकनं चष्मा काढून पुसला. “बरं. आणि त्या वेळात तू कुठं होतीस?”

“टाकीवर. अठ्ठेचाळीस पत्ते लावत होते.” तिनं वहीच्या पानांचे आणि एकतीस फोनांच्या यादीचे फोटो पाठवले. त्यानं पाच पत्ते तपासले. पाचही बरोबर होते.

“हे बुधवारीच सांगायला काय झालं होतं?”

“चुकलं, सर.”

“चुकलंच,” तो म्हणाला आणि कॉल ठेवला.

महिनाअखेरीला पत्र आलं. अंकिता कायम झाली. टाकीवरचे दोन तास चाळीस मिनिटं कामात धरले होते. शुक्रवारची पंधरा मिनिटं मात्र वजा झाली होती, कारण त्या वेळात माऊस फिरला आणि पत्ता एकही लागला नाही. अंकितानं हरकत घेतली नाही. त्या पंधरा मिनिटांत पत्ता लागला नव्हता, हे खरंच होतं.

तात्याबांना तिनं शिरूरच्या दातांच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं, तेव्हा ते म्हणाले, “मला आता कुणाशी बोलायचं हाय? मेंढरं बी न्हाईत.”

“साहेबांशी बोललात की. त्यांना ‘साहेब’ एवढंच कळलं, आणि मी सांगायला गेले तर ते त्यांनी मानलं नाही.”

“मग हातानं सांगितलं न्हवं?”

“दर वेळी हात चालणार नाही, आबा.”

तरी ते महिनाभर नाही म्हणत राहिले. शेवटी सखूबाई म्हणाली, “पोरीनं कमावलंया, तिला कुठं घालायचं ते घालू द्या.” त्यावर त्यांनी टोपी घातली आणि एसटीला उभे राहिले. मापं घ्यायला, बसवून बघायला, घासायला अशा शिरूरच्या चार फेऱ्या झाल्या, सगळ्या रविवारी, कारण बाकीच्या दिवशी अंकिता कामावर असायची. कायम झाल्यानंतरच्या तीन पगारांतून तात्याबांची कवळी झाली, वरची आणि खालची, दोन्ही.