फाटकात बंद पडलेली मोटार

मूर्तिजापूरजवळचे ते रेल्वे फाटक आले की या वयातही माझ्या छातीत धस्स होते. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, पण एवढी भीती पुन्हा कधी वाटली नाही.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होता आणि मी नवा फौजदार होतो. चळवळीचे दिवस. कुठे तारा तुटत, कुठे रूळ उखडले जात, आणि वरिष्ठांना झुडपाझुडपाआड कट दिसे. अशात दसरा उलटताच अमरावतीहून अकोल्याला निघालेली एक प्रवासी मोटार भर सकाळी फाटकात, नेमकी रुळांवर, बंद पडली. हँडल मारून मारून ड्रायव्हरचे हात सोलले, तरी ती चालू होईना. तेवढ्यात रुळांवरून फौजेची आगगाडी येताना दिसली. त्याने उतारूंना खाली ओढले, सगळ्यांनी मिळून मोटार ढकलली. ती रुळांवरून उतरते न उतरते तोच गाडी धडधडत निघून गेली.

माणसे वाचली म्हणजे आपल्याकडे नारळ फोडतात. इथे ड्रायव्हरला बेड्या पडल्या. त्याचा धाकटा भाऊ चळवळीत तुरुंगात होता, तेवढे पुरले.

"पेट्रोल आहे, बॅटरी आहे, तारा शाबूत आहेत. मग मोटार काय मुहूर्त पाहून थांबली?" साहेब मला म्हणाले. "कबुली घ्या."

फौजेची गाडी उलटवण्याचा प्रयत्न म्हणजे जन्मठेप. कोठडीत जाऊन मी ड्रायव्हरला विचारू लागलो.

"मी गाडी थांबवली नाई, साहेब. गाडी थांबली. दुसरं काय सांगू तुमाले?"

कितीही उलटसुलट विचारले तरी तेच. खोटे बोलणारा दर वेळी गोष्टीला नवी झालर लावतो, हा माझा अनुभव. हा माणूस खरे बोलत होता. ते कळले आणि आता भीती मला वाटू लागली. पुराव्याशिवाय तसे लिहिले असते तर संशयितांत माझेही नाव गेले असते.

मग ठाण्यात एक म्हातारी माळीण आली. अकोल्याच्या जुन्या शहरात भाजी विकणारी. त्याच मोटारीत होती. तिची टोपली आम्ही मोटारीसोबत जप्त केली होती.

"माही सीताफळं सडून राहिली ना," ती म्हणाली. "अन् त्या पोराले काहून कोंडलं? त्यानंच त मले हात धरून उतरवलं. मारायचंच असतं त उतरवलं असतं काय?"

मी तिला बसवून घेतले. तेव्हा कळले, बडनेरा सुटल्यापासून मोटारीच्या पुढच्या भागात खडखड होत होती, डब्यात खिळे हलवावेत तशी. ड्रायव्हर दोनदा उतरून कान लावून आला होता. "म्हणे, कालच मिस्त्रीच्या हातून आली, तरी बोंबलून राहिली."

ड्रायव्हरने मिस्त्रीचे नाव काढले नव्हते. आणखी एक माणूस कोठडीत येईल, ही त्याला धास्ती.

मोटार दुरुस्त झाली ते अमरावतीचे गॅरेज मी शोधून काढले. तिथे मला पाहताच मिस्त्रीचा चेहरा पांढरा पडला. दम देता आला असता. मी एवढेच म्हणालो, "इंजिनाचे काम कसे केलेस ते क्रमाने सांग."

इंजिनात पुढच्या बाजूला दातेरी चाकांवर एक साखळी असते; इंजिनाच्या झडपा वेळच्या वेळी उघडतात त्या तिच्यामुळे. ती सैल पडू नये म्हणून टेन्शनर नावाचा स्प्रिंगचा दट्ट्या तिला दाबून धरतो. तो काढून पुन्हा बसवायचे काम होते.

"दट्ट्या आत दाबला," तो सांगू लागला. "बारीक तारेनं बांधला, उसळू नये म्हणून. टेन्शनर जागेवर ठेवला. बोल्ट कसले. मंग तार..."

तो थांबला.

"मंग तार कापा लागते," तो खाली बसत म्हणाला. "तवाच ग्यारेजच्या मालकानं हत्यारं पूजेले मागितली. नवमी होती. पक्कड पूजेत गेली, साहेब. पूजेतलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याबिगर उचलत नाई. अन् दसऱ्याले मोटारीचा मालक म्हणे, गाडीले हार घालाचा हाय, लवकर कर. घाईत तार इसरलो, अन् मी झाकण लावून देल्लं."

"फाटकाची बातमी ऐकली तेव्हा का आला नाहीस?"

"आलो असतो त मलेबी कटात घेतलं असतं."

घेतलेच असते.

इंजिन त्याला उघडू दिले नाही. दुसरा मिस्त्री बोलावून, पंचांसमोर झाकण काढले. तार जशीच्या तशी होती. दट्ट्या बांधलेला, साखळी ढिली, दाते सोडून पुढे सरकलेली. पेट्रोल अन् ठिणगी असूनही मोटार का मेली, ते आंधळ्यालाही दिसत होते. पंचनामा वाचून साहेब म्हणाले, "निष्काळजीपणा. सोडा त्या ड्रायव्हरला."

मोटार परत देण्याआधी ड्रायव्हरने हट्ट धरला, की तोच मिस्त्री टेन्शनर पुन्हा बसवील आणि आपण स्वतः समोर उभे राहून बघू. तसेच झाले. तार कापल्यावर दट्ट्या साखळीवर टेकला. हाताने इंजिन फिरवून चाकांवरच्या खुणा जुळतात का ते दोघांनी पाहिले, आणि मगच झाकण लागले. तारेचा तुकडा मिस्त्रीने ड्रायव्हरच्या हातावर ठेवला. त्याने तो खिशात टाकला.

भ्यालेला माणूस खोटे बोलतो असे आम्हाला शिकवले होते. बहुतेक वेळा तो नुसता गप्प बसतो, आणि त्या गप्प बसण्यापायी दुसऱ्याचा जन्म तुरुंगात जातो. हे मी त्या प्रकरणात शिकलो.

पुढे त्या मोटारीने मी अनेकदा गेलो. फाटक आले की ड्रायव्हर सगळ्यांना उतरवी, रिकामी मोटार एकटा रूळ ओलांडून नेई, आणि पलीकडे थांबे. उतारू कुरकुरत चालत जात. मी मात्र सगळ्यांच्या आधी उतरत असे.