नीताच्या नावाची काडी

मंडळी, आत्ताच घरी आले. चहाही न घेता लिहितेय, कारण हे मला एकटीला पेलवत नाही.

आज आपल्या बागक्लबची सार्वजनिक बागांची सहल होती. आम्ही नऊ जण होतो. माळ्याला विचारून एकेक फांदी घरी न्यायची, ही आपली जुनी पद्धत. फांद्या ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून आईस्क्रीमच्या काडीवर ज्याचं त्याचं नाव लिहायचं काम शालिनीताईंचं. ताई श्रावणात गेल्या. आज काड्या कुणी आणल्याच नव्हत्या.

गंगापूर रोडच्या बागेत म्हातारा माळी टोपली घेऊन पुढे आला. "तुमच्या ताई सकाळीच ठेवून गेल्या. म्हणल्या, आमची माणसं येतील, त्यांना द्या."

"कोणत्या ताई?" मी विचारलं.

"हिरव्या छत्रीवाल्या. दरवर्षी त्याच तर मागायला येत्यात."

टोपलीत नऊ पुड्या होत्या. प्रत्येकीत काडी, काडीवर ताईंचं तिरपं अक्षर.

मला असल्या चेष्टेचा राग येतो. कुणीतरी जुन्या काड्या जपून ठेवल्या असणार, असं मी सगळ्यांसमोर सुनावलं. तेवढ्यात नीताने आपल्या नावाची पुडी उचलली.

नीता क्लबात आली दिवाळीनंतर. ताईंनी तिला कधी पाहिलंही नव्हतं.

माझी पुडी ओट्यावर आहे. दिवसभर उन्हात फिरून आली, तरी कागद अजून ओलाच आहे. तुम्ही माझ्या जागी असता तर ही फांदी लावली असती का?